घमेल्याखालची वाळू

सन्माननीय अध्यक्ष मारोतराव, व्यासपीठावरच्या पर्यवेक्षिकाबाई, आज अंगणवाडीतून निवृत्त होणाऱ्या आपल्या मलिकाबाई आणि समोर बसलेल्या मायबहिणींनो,

मी कोकिळा. बाईंनी पोरांना काय दिलं, हे सांगायला मला उभं केलं आहे. बाईंनी पोरांना वाळू दिली. हसू नका. ओल्या वाळूत बोटांना बळ येतं, मग पेन्सिल धरता येते. ओतता-भरता कमीजास्त कळतं. हे मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं. पुस्तकात नव्हतं ते आता सांगते.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत गावातली माणसं लागोपाठ गेली. माणूस गेला की आपण पीठ पसरतो, वर टोपली पालथी घालतो आणि सकाळी गेलेल्याचं पाऊल उमटलं का ते पाहतो. आमचे हे गेले तेव्हा पिठात काहीच उमटलं नाही. चार वर्षांची माझी सोनू वाकून पाहत होती. त्या दिवसापासून तिची वाचा बसली.

अंगणवाडीत मात्र ती खेळायची. घरी निघताना तळहातानं वाळू सारखी करायची, वर घमेलं पालथं. सकाळी बाकीची पोरं भोवती उभी राहत आणि ती घमेलं उचलायची. एवढीशी पोरं इतकी गप्प कधी पाहिली आहेत तुम्ही?

गाव भ्यालं. मारोतराव, राग मानू नका, तुम्हीच म्हणाला होतात, "बाई, वाळू फेका. पोरं मसण खेळून राह्यली."

बाई म्हणाल्या, "भाऊ, मोठ्यायनं केलं तर रीत, अन् पोरायनं केलं तर मसण? जे तोंडातून निघत नाही, ते हातातून निघून राह्यलं. निघू द्या."

तरी वाळू उचलायचं ठरलं. माणसं फावडी घेऊन आली, तेवढ्यात सोनूनं घमेलं उचललं.

खाली पाऊल होतं. मोठ्या माणसाचं, डावं, अंगठा बाहेर वळलेला. आमच्या यांचा तसाच होता. आजूबाजूच्या वाळूवर एक ओरखडा नव्हता.

सोनूनं त्यात आपला पाय ठेवून पाहिला. म्हणाली, "बाबा, जाय आता. मले खेळाचं हाय." मग ते पाऊल मोडून विहीर खणायला बसली. "ए ऋतिक, पाणी आण ना बे!"

फावडी तशीच परत गेली.

पुढे मी बाईंना एकटं गाठून म्हटलं, "लय उपकार केले, बाई."

बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "कोकिळाताई, मले वाटलं ते पाऊल तुम्हीच केलं."

नव्या सेविकाताई, वाळू राहू द्या. पोरं गप्प झाली तर त्यांच्या मागे उभ्या राहा. मलिकाबाई, तुमचे आभार मानायला मला शब्द पुरत नाहीत. बोलण्यात कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर लेकीबाळीचं समजून पोटात घाला.