भाईंच्या नोटेशनचा फॉन्ट

— नाही हो, व्हायरस वगैरे काही नाही, पेनड्राइव्हला कशाला दोष देता — इकडे या, पडद्यावर बघा, तुमच्या पुतणीचं नाव डॉलर, कंस, मग एच असं दिसतंय ना? साताऱ्याला तुमच्या डीटीपीवाल्याकडे ते व्यवस्थित मराठी होतं, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, मान्य — पण त्याच्या कंप्यूटरवर तो फॉन्ट आहे, माझ्याकडे नाही. फॉन्ट म्हणजे काय? आमच्याकडे दशावतार असतो, बघितलाय कधी? नाटकात तो राजा असतो, मुकुट, तलवार, डोळे मोठे करून बोलणं — आणि रंग पुसला की आमच्या लायनीवरचा वायरमन. फॉन्टचं तसंच. खाली सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठीचा रंग. फाइल मालवणला आली, रंग साताऱ्याला राहिला. मग काय दिसणार? वायरमन दिसणार. बसा, माझ्या सीडीत मिळतो का बघते, ही सीडी वाचायला जरा वेळ घेते. आणि घाबरू नका — लग्नपत्रिकाच आहे, नावं तुम्हाला पाठ आहेत. माझ्याकडे तर गाण्याचं असं झालं होतं. हो, गाण्याचं. बँडच्या गाण्याचं. ते कुणाला पाठ असणार?

एक गिऱ्हाईक होतं. हरिश्चंद्र खवणेकर, तळाशीलचे, सगळे भाई म्हणतात. आयुष्यभर नेव्हीच्या बँडात क्लॅरिनेट. रिटायर होऊन गावी आले आणि पाठोपाठ हाताला कंप सुटला — चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो, पूर्ण दिला तर अर्धा बशीत जातो. मग क्लॅरिनेट कसलं वाजवता? लिहिताही येईना. आणि डोक्यात गाणं. आमच्याकडे रापण ओढतात, सगळा वाडा किनाऱ्यावर उभा राहून एकच मोठं जाळं ओढतो, तेव्हा एक जण आरोळी देतो, बाकीचे झेलतात — त्या आरोळीवर त्यांनी बँडसाठी चाल बांधली होती. कोचीला त्यांचा जुना जोडीदार आहे, थॉमसकुट्टी, तो तिकडे बँड चालवतो. जुन्या बँडवाल्यांचा मेळावा होता, तो म्हणाला, भाई, लिहून पाठव, वाजवतो. पाठव म्हणजे काय, ईमेलने पाठव. बाजारातल्या बाकीच्या दुकानांत भाईंनी विचारलं, कुणाला वेळ नव्हता, लग्नसराई होती. मग माझ्याकडे आले. शेवटी. नोटेशनच्या प्रोग्रॅमची सीडी घेऊन आले, ही खुर्ची ओढली आणि पाठ सरळ ठेवून बसले. माउस त्यांच्या हातात दिला तर स्वर भलत्याच रेघेवर जायचा, मग ते सांगणार आणि मी ठेवणार — "तिसऱ्या रेगेर ठेव. शेपटी खाली." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या लेखी ती अंडी. काळी अंडी, पांढरी अंडी, शेपटीवाली अंडी. क्लॅरिनेटचं पान झालं, ट्रम्पेटचं झालं, त्या मोठ्या भोंग्याचं, ट्युबाचं झालं. दुसरं एक अक्षर बोलायचे नाहीत. आले, अंडी सांगितली, गेले.

फाइलची पीडीएफ केली, कोचीला पाठवली. थॉमसकुट्टीचा फोन आला इथे, दुकानात. भाईंनी कानाला लावला, ऐकलं, आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. तो म्हणतो, मॅडम, हे काय पाठवलंत? प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते आणिचं चिन्ह असतं ना इंग्रजीतलं — ते. आणि. आणि काय? तर पुढे ओ आणि ई एकमेकांना चिकटलेले, ओळीच्या ओळी. ट्युबावाल्याच्या तर प्रत्येक ओळीला सुरुवातीलाच प्रश्नचिन्ह. तो बिचारा विचारत होता म्हणे, प्रश्न काय आहे? — हसू नका. म्हणजे हसा, आता हसायला हरकत नाही. मी समजले लगेच, कारण पत्रिकांचं हेच रोज होतं — गाण्याच्या खुणासुद्धा खाली इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट पुसला की वायरमन. पण भाई माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मुद्दाम केलंस काय गो?"

— आता मी कशाला मुद्दाम करीन? अनोळखी गिऱ्हाइकाशी कुणी मुद्दाम — नाही, अनोळखी नाहीत. तसे नाहीत. सासरे माझे. — हो. माझे सख्खे सासरे. मघाशी गिऱ्हाईक म्हटलं कारण त्यांनी यायचं गिऱ्हाईक म्हणून ठरवलं होतं, त्याला मी काय करू? आमच्या लग्नानंतर ते या रस्त्याने गेले तर पलीकडच्या बाजूने जायचे. काय झालं, तर त्यांनी अजयला, माझ्या नवऱ्याला, लहानपणापासून ट्रम्पेट शिकवलेलं. पहाटे किनाऱ्यावर उभा करून. ओठावर कायम एक गोल वळ. मुलगा आपल्यामागून नेव्हीच्या बँडात जाणार, हे गावात सगळ्यांना माहीत. मुंबईला निवडीची परीक्षा होती, अजय गेला, परत आला आणि घरात सांगितलं, मी परीक्षेला बसलोच नाही, मला दिव्याशी लग्न करायचंय, मी इथेच राहणार. संपलं. मी दोडामार्गची, तेव्हा इथे कंप्यूटरच्या क्लासात शिकवायला होते. ट्रम्पेट माळ्यावर गेलं आणि आम्ही हे दुकान काढलं. सासरच्या वाड्यावर माझं नाव काय पडलं माहितीये? पोराचा श्वास खाल्लेली. माझ्या तोंडावर म्हणायचे. सासूबाई, विमलाबाई, त्या तेवढ्या गुपचूप यायच्या, मासे देऊन जायच्या, पण त्यासुद्धा दारातूनच. मला नाही वाईट वाटलं. खरंच नाही. कारण मला अजयने हेच सांगितलं होतं ना — तुझ्यासाठी सोडलं. आता कुणी आपल्यासाठी एवढं सोडलं, तर चार लोकांची बोलणी खायला काय जातं? खाल्ली. — सीडी वाचतेय अजून, दिवा लागलाय बघा.

हां, तर फॉन्ट. पीडीएफ करताना एक चौकोन असतो, त्यात खूण केली की फॉन्ट फाइलीबरोबर जातो, म्हणजे राजा मुकुटासकट जातो. तो मी शोधला, खूण केली, परत पाठवलं. थॉमसकुट्टीचा फोन — सगळी अंडी आली! मी भाईंना म्हटलं, झालं. त्या दिवशी ते एसटी चुकेपर्यंत बसून राहिले. मग बँडने तालमीत वाजवलं आणि थॉमसकुट्टीने रिसीव्हर बँडपुढे धरला. मी इथे स्पीकरवर टाकलं. मला चांगलं वाटलं हो, अगदी झकास, पाय हलवावेसे वाटले — तोच घोळ होता. भाई ऐकत राहिले आणि म्हणाले, "ह्या लग्नाचा वाजता. माका रिकामी रापण होयी होती." म्हणजे जाळ्यात काही नाही, हे कळलेलं असतं तरी ओढावंच लागतं, ते. ते रडकं, ओढलेलं, गेलं कुठे? तर फ्लॅट नावाची एक खूण असते, बारीक बी अक्षरासारखी, ती अंड्याच्या आधी लावली की स्वर उतरतो. त्या खुणा कोचीला पोचल्याच नव्हत्या. त्या दुसऱ्या फॉन्टात होत्या, आणि तो फॉन्ट बनवणाऱ्याने कुलूप लावून ठेवलेला, फाइलीबरोबर जाऊच देत नाही. जिथे खूण हवी तिथे नुसती मोकळी जागा. आणि माझ्या पडद्यावर बघाल तर सगळं जागच्या जागी, कारण फॉन्ट माझ्याकडे आहेच ना! आपल्या घरातलं आपल्याला बरोबरच दिसतं. मग मी समोरच्या सायबर कॅफेत गेले, तिथे तो फॉन्ट नाही, तिथे उघडून प्रिंट काढली, म्हटलं, भाई, अंड्याजवळच्या बारीक खुणांतली कुठली काय ते मला कळत नाही, कुठे कुठे खूण गेली ते लाल पेनाने दाखवा, मी एकेक बसवते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत टेबलावर ठेवला. "माका आता बारीक दिसणा नाय." मोतीबिंदू. कधी बोलले नव्हते.

आता मालवणात हे वाचणारा दुसरा कोण? मला एकच माहीत. अजय आठवडाभर म्हापशाला प्रेसमध्ये असतो, शनिवारी इथे. भाई शनिवार सोडून सगळे वार यायचे. मी सरळ सांगितलं, "शनवारी अजय आसता. तोच वाचतलो." ते छत्री घेऊन उठले आणि गेले. म्हटलं, गेलं. मेळावा गेला, गाणं गेलं. शनिवारी मी शटर वर करतेय तर पायरीवर भाई. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बूट पॉलिश केलेले. अजय आतून आला, बघितलं, मला वाटलं हा आता मागच्या दाराने जाणार. नाही गेला. कागद घेतला, बापाकडे न बघता उभ्यानेच वाचायला लागला — तोंडातल्या तोंडात, ता ता, ता ता — आणि उजव्या हाताची तीन बोटं टेबलाच्या कडेवर दाबत होती. ट्रम्पेटला तीन दट्टे असतात. मला कुठे माहीत? इतकी वर्षं एकत्र जेवतो आम्ही, ती बोटं मी भाकरी मोडतानाच बघितली होती. एका जागी थांबला. "हंय फ्लॅट होयो." भाई म्हणाले, "होयोच." म्हणजे हवाच. तेवढंच. लग्नानंतरचं पहिलं बोलणं ते. मग पुढची ओळ. हा म्हणणार, होयो, ते म्हणणार, होयोच, लाल खुणा वाढत चालल्या.

मी तोवर उपाय काढला होता, पत्रिका कोल्हापूरला छापायला पाठवताना करतो तोच — पान कोरल नावाच्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये घ्यायचं आणि सगळं कर्व्ह करून टाकायचं. म्हणजे अक्षर अक्षर राहतच नाही, नुसतं चित्र होतं, मग फॉन्ट असो नसो, कुणाच्या बापाला बदलता येत नाही. कुलूपवाल्या फॉन्टच्या खुणा कोरलमध्येही येत नव्हत्या, म्हणून मी लाल खुणा बघून त्या हाताने काढतेय, कर्व्ह करतेय, हे दोघे मागे वाचतायत. ट्रम्पेटचा एक वरचा तुकडा आला. भाई म्हणाले, आणि रागाने नाही हो, नुसतं बोलल्यासारखं, "तू गेलो असतंस तर तुका ह्या रोज वाजवूक गावला असता." आणि अजय म्हणतो, "गेल्लंय मी." मी वळले नाही. "गेल्लंय. परीक्षेक बसलंय. ओठ फुटलो, सूर लागलो नाय. तेंनी माका घेवक नाय." — कळलं का तुम्हाला? सोडलं नव्हतं. घेतलंच नव्हतं. नापास झाला होता, आणि नापास झालो हे बापाला सांगण्यापेक्षा एक मुलगी आहे हे सांगणं सोपं गेलं. मुलगी म्हणजे मी. पंखा फिरत होता. मला वाटलं, आता म्हातारा हात उचलणार. भाईंनी विचारलं, "खंयच्या स्वरार?" अजय म्हणाला, "वरच्या सी-र." भाई म्हणाले, "थंय भल्याभल्यांचो ओठ फुटता." आणि परत कागदावर बोट ठेवलं. दोघे पुढच्या ओळीला लागले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी काय करणार? सिलेक्ट ऑल. कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज. पुढचं पान.

पोचलं सगळं. एकेक पान वेगळं पाठवलं, लाइन सारखी तुटत होती. मेळाव्याच्या दिवशी थॉमसकुट्टीने परत फोन धरला, आम्ही तिघे इथे टेबलाभोवती. आणि मला त्यातलं काही कळत नाही म्हटलं ना — पण ते वाजलं तेव्हा कळलं. ओढतायत, ओढतायत, पाय वाळूत रुततायत आणि काही येत नाहीये. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत येऊन बसल्या. संपलं तशी थॉमसकुट्टीने विचारलं, भाई, हे दुरुस्त कुणी केलं? भाई फोनमध्ये म्हणाले, "घर में ही आदमी है।" आता आदमी म्हणजे कोण? तो की मी? मी विचारलं नाही. तेव्हापासून भाई शनिवारीच येतात. अजयने ट्रम्पेट माळ्यावरून काढलंय, दोघे किनाऱ्यावर जातात आणि भांडत परत येतात, घाई करतंस, नाय करत, लिवलाय तसाच वाजवतंय. वाड्यावर आता सगळे म्हणतात, दिव्याने बापलेकांना एकत्र आणलं. चांगलंच बोलतात.

— काय? त्याला? नाही. अजून नाही विचारलं. काय विचारायचं? तुझ्यासाठी सोडलं म्हणालास, ते काय सोडलं होतंस? त्याला वाटतं, मला त्या दिवशी ऐकूच आलं नाही, मी कामात होते. वाटू दे. आठवडाभर तो तिकडे, मी इथे, एकटी जेवायला बसले की मनात वाक्य तयार करते, चांगलं तयार होतं, शनिवारी तो दारात उभा राहतो, ओठावर परत तो गोल वळ उठलेला, आणि मी म्हणते, हातपाय धू, जेवण वाढते. माझ्याकडे एकच गोष्ट होती हो. बाकी लोकांनी काय काय म्हटलं, पण ती एक गोष्ट माझी होती — आणि ती त्या दोघांनी तीन वाक्यांत, एका ओळीच्या मध्ये —

असे बघू नका. तुम्हाला पत्रिकेचं सांगत होते मी. हा बघा, मिळाला फॉन्ट, आली तुमची पुतणी. नीट वाचून घ्या आणि उद्या सकाळी छापील न्यायला या. — नाही, आता नको, आता काही विचारू नका, उठा, त्या बाई केव्हाच्या उभ्या आहेत. — ये गो, काय व्हया? रेशनकार्डाचा झेरॉक्स? एकच बाजू काढू, काय दोनय?