फ्रिज उघडून पाहिलास का?

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढे सरका, खांबाआडून कीर्तन ऐकू येतं पण समजत नाही. आणि एक विचारतो. गाभाऱ्याचा पडदा ओढलेला आहे. आत समई लागलेली आहे का?

सगळे म्हणालात, हो. काय ठणठणीत 'हो'! आता सांगा, कोणी पाहिली? या माईंनी? नाही. पाटीलसाहेबांनी? नाही. मग 'हो' कशावरून म्हणालात? रोज असते म्हणून. शेजारचा म्हणाला म्हणून. बरं, असेलही. मी कुठे नाही म्हणतोय? पण आजचा प्रश्न हाच आहे बघा. जे आपण पाहिलं नाही, त्याची साक्ष द्यावी का? आणि ती साक्ष खरी निघाली, तर माणूस दोषातून सुटतो का?

उत्तर लगेच देऊ नका. आधी आख्यान ऐका.

आख्यान पुराणातलं नाही. मोबाइलातलं आहे. झालं, तरुण मंडळींनी लगेच माना वर केल्या! सह्याद्रीच्या उतारावर, काजूच्या बागांचा मुलूख. तिथे आंबेखोल नावाचं गाव, आणि त्या गावात निवृत्ती गुरव. वडील धोंडूबाबा देवळाचे गुरव. निवृत्तीचं तालुक्याला दुकान, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं. सातबारा काढा, दाखला काढा, परीक्षेचा फॉर्म भरा. साधा माणूस.

धोंडूबाबांची एक रीत होती. पायरीवरून कोणी हाक मारली, "बाबा, दिवा आहे का?" की बाबा आत जायचे. तासापूर्वी स्वतः तेल घातलेलं असायचं, वात स्वतः सारलेली असायची, तरी आत जायचे, वाकून बघायचे, बाहेर येऊन सांगायचे, "आहे." लोक हसायचे. म्हणायचे, म्हाताऱ्याला विसर पडतो. मंडळी, विसर नव्हता तो.

आता निवृत्तीची थोरली बहीण, आक्का. भाताच्या खळ्यात तिला साप चावला. गाडीत घालून नेली. पहिल्या दवाखान्यावर पाटी, 'सर्पदंशावर लस मिळेल'. आत गेले, लस नाही. दुसरीकडे नेली. तिथल्या सिस्टरने फ्रिज उघडला, तर आत दुधाच्या पिशव्या आणि कोणाच्या तरी बारशाच्या बासुंदीचं पातेलं! तिसऱ्या दवाखान्याच्या फाटकात आक्का गेली. फाटकात, मंडळी. आत लस होती.

निवृत्तीने तेरा दिवस दुकान उघडलं नाही. चौदाव्या दिवशी दुकान उघडलं आणि कॉम्प्युटरवर एक यादी करायला घेतली. आपल्या तीन तालुक्यांत सापाची लस नेमकी कुठे आहे? वेबसाइट काढली. नाव ठेवलं 'लस कुठं'. गावाचं नाव टाका, जवळचा दवाखाना दिसेल, फोन दिसेल, रस्ता दिसेल. खाली निवृत्तीचा स्वतःचा नंबर.

अशा याद्या कोणीही करतो हो. घरी बसून इथलं उचल, तिथलं चिकटव. याने तसं केलं नाही. मोटारसायकल काढायची, दवाखान्यात जायचं आणि म्हणायचं, "सिस्टर, फ्रिज उघडून दाखवा." कोणी हाकलायचं, कोणी चहा पाजायचं. तो हात जोडून उभा राहायचा. बाटल्या स्वतः मोजायचा, मुदत वाचायचा, आणि मग त्या दवाखान्याच्या नावापुढे एक हिरवी खूण लावायचा. खुणेचा अर्थ एकच. मी, निवृत्ती गुरव, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दर तीन महिन्यांनी पुन्हा फेरी. एकेचाळीस दवाखाने!

लोकांना ते कळलं. जीपवाले, आशाताई, शाळामास्तर, सगळ्यांच्या मोबाइलात 'लस कुठं'. साप दिसला की आधी ती खूण बघायची. किती जीव वाचले, देवाला ठाऊक. पण मंडळी, पेट्रोल देव भरत नाही! वेबसाइटचं दरवर्षीचं भाडं, फेऱ्या, दुकान बंद ठेवून बुडालेले दिवस. घरात मुलीच्या कॉलेजचा विषय निघाला की निवृत्ती परसात जाऊन उभा राहायचा.

मग त्याला कोणीतरी सांगितलं, "अरे, रोज एवढी माणसं तुझ्या साइटवर येतात. यातून कमाई होते. लोक करतात." खोटं नाही ते. मीही बिदागी घेतो, तुमच्यापासून काय लपवायचं? कष्टाची कमाई हे पाप नव्हे. पण काय विकायचं आणि काय नाही, हे माणसाला आधी ठरवावं लागतं. निवृत्तीने ते ठरवलं नव्हतं.

हायवेवर नवं खाजगी हॉस्पिटल झालं होतं. काचेचं. नाव मी घेणार नाही, नावाला काही अर्थ नाही. त्याचे मॅनेजर स्वतः दुकानात आले. म्हणाले, "निवृत्तीराव, आम्हाला यादीत सगळ्यात वर घ्या आणि हिरवी खूण द्या. वर्षाला साठ हजार."

निवृत्ती म्हणाला, "साहेब, खूण विकत नाही. आधी फ्रिज बघायला लागेल."

"बघा की! कधीही या. पण खूण आजपासून लावा. एवढं हॉस्पिटल बांधलंय, लस ठेवणार नाही का?"

बघा मंडळी, किती सरळ बोलणं. यात लबाडी शोधून सापडत नाही. निवृत्तीच्या मनात आलं, मंगळवारी जाऊन येऊ. पैसे घेतले, नाव वर घेतलं आणि खूण लावली. मंगळवारी सर्व्हर बंद पडला. पुढच्या मंगळवारी मुलीची अ‍ॅडमिशन. त्याच्या पुढच्या मंगळवारी गाडी पंक्चर. पाच मंगळवार गेले. वाईट माणसं फार थोडी असतात हो. 'मंगळवारी जाऊ' म्हणणारी आपण सगळी.

एकदा जेवताना धोंडूबाबांनी विचारलं, "ते हायवेवरचं वर दिसतंय. बघून आलास?"

"जायचंय, बाबा. पण असणारच तिथं. केवढं मोठं हॉस्पिटल आहे."

बाबा ताटावरून उठले. हात धुतला, आणि देवळात जाऊन दिवा बघून आले. निवृत्तीला ते कळलं. कळूनही त्याने भात कालवला.

मग वैशाख आला. काजूच्या बागेत पाचोळा पायाच्या घोट्याइतका. दुपारी दोनचा सुमार, निवृत्तीचा फोन वाजला. वाळणवाडीचा जीपवाला, रमजान.

"निवृत्तीभाऊ, आमच्या शेवंताकाकूला घोणस चावली. उजव्या हाताला. काजू वेचत होती. तुमची साइट बघून हायवेवर निघालोय, हिरवी खूण आहे तिथं. पंचवीस मिनिटांत पोचतो. फक्त एवढं सांगा, तातडीच्या पेशंटचं दार पुढनं हाय का मागनं? तुम्ही जाऊन आलाय न्हवं?"

मंडळी, रमजानने लसीबद्दल विचारलंच नाही. ती शंका त्याला नव्हतीच! त्याने दार विचारलं. जो तिथे गेला होता, त्याला दार ठाऊक असणार. आणि निवृत्तीला दार ठाऊक नव्हतं.

त्याच्या डोळ्यांपुढे बासुंदीचं पातेलं आलं. "एक मिनिट थांब," म्हणाला, दुकानातल्या दुसऱ्या फोनवरून हॉस्पिटलला लावला. एक गोड आवाज सांगू लागला, मराठीसाठी एक दाबा, अपॉइंटमेंटसाठी दोन दाबा. दाबतोय, दाबतोय, माणूस काही येत नाही. इकडे रमजानच्या फोनमधून काकूचं कण्हणं ऐकू येतंय.

आता काय करावं त्याने? गप्प बसला असता, तर जीप पुढे गेली असती. लस असती तर कोणाला कधी कळलंही नसतं. नसती तर दुसरी आक्का! विचार करा. तो दुकानात उभा आहे, आणि समोर झेरॉक्ससाठी चार माणसं थांबलीत.

निवृत्ती म्हणाला, "रमजान, मागं फिर. कासारपेठेच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथला फ्रिज मी बारा दिवसांपूर्वी उघडलाय. अठरा बाटल्या आहेत. सिस्टरला मी फोन करतो."

"मागं? अवो, पाऊण तास जाईल! हिकडं काय झालं?"

"इकडचं मी बघितलेलं नाही."

रमजान म्हणाला, "मग खूण कशाला लावलीस?"

आजवर तो त्याला अहोजाहो करायचा, मंडळी. त्या एका वाक्यात ते गेलं.

जीप फिरली. कासारपेठेला सिस्टर दारात उभी होती, बाटल्या तयार होत्या. शेवंताकाकू वाचली! वाचली, पण विष हातात बराच वेळ राहिलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

इथे कोणीही म्हणेल, चला, जीव वाचला, निवृत्तीने ऐन वेळी खरं सांगितलं, चूक सुधारली. टाळ वाजवू का? थांबा. आख्यान संपलेलं नाही.

चौथ्या दिवशी निवृत्ती त्या काचेच्या हॉस्पिटलात गेला. दार मागच्या बाजूला होतं. म्हणाला, "फ्रिज उघडा." मॅनेजरांनी हसत उघडला.

भरलेला होता. वीस बाटल्या. मुदतीतल्या, ओळीने लावलेल्या. रजिस्टरात त्या दोन महिन्यांपूर्वीच आल्याची नोंद.

"बघा, म्हटलं नव्हतं का?" मॅनेजर म्हणाले. निवृत्ती त्या थंड हवेत तसाच उभा राहिला. सिस्टर म्हणाली, "दादा, दार लावते, गार जातंय."

ऐकलंत? खूण खरी होती! जीप पुढे गेली असती तर पंचवीस मिनिटांत लस टोचली गेली असती, आणि काकूची बोटं बहुधा राहिली असती. आता सांगा, निवृत्ती खोटं बोलला होता का? नाही. हॉस्पिटलने फसवलं का? नाही. मग ती दोन बोटं कोणी नेली?

न पाहण्याने नेली. साक्ष खरी होती, पण साक्षीदार खोटा होता. म्हणून गरज पडली त्या क्षणी त्याचा स्वतःच्याच शब्दावर विश्वास बसला नाही. यापेक्षा मोठी शिक्षा मला तरी ठाऊक नाही.

तिथून तो शेवंताकाकूकडे गेला. कोणी पाठवलं नव्हतं. ओसरीवर ती पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. निवृत्तीने सगळं सांगितलं. पैसे घेतले ते, मंगळवार ते, फ्रिज भरलेला होता तेही.

काकूने विचारलं, "म्हंजे, तिथं लस होती?"

"होती."

तिने पट्टीच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "तर मग बाळा, तू आधी जाऊन बघायला पायजे होतंस."

एवढंच. शिव्या नाहीत, शाप नाही, क्षमाही नाही. निवृत्ती तिथे रडला. पुरुष माणूस, परक्याच्या ओसरीवर, सगळ्यांदेखत रडला.

वेबसाइट त्याने बंद केली नाही. बंद करणं सोपं होतं. साठ हजार परत केले. हॉस्पिटलची खूण ठेवली, कारण आता ती पाहिलेली होती, पण वरची जागा काढून अंतराप्रमाणे लावली. प्रत्येक खुणेशेजारी आता तारीख असते. आणि जिथे गेला नाही तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं, 'मी अजून पाहिलेलं नाही'. कमाई? करतो की! गमबूट, बॅटरी आणि मच्छरदाणीवाल्यांच्या जाहिराती घेतो. त्यावर पेट्रोल निघतं, मुलगी कॉलेजात जाते. शेवंताकाकू उरलेल्या तीन बोटांनी काजू वेचते, त्याच साइटवर बघून घेतलेले गमबूट घालून. निवृत्ती दिसला की ती मान हलवते. बोलत नाही अजून.

तर मंडळी, आता निवृत्तीला सोडा. तुमच्याकडे येतो. तुमची वेबसाइट नाही, मग तुम्ही सुटलात? "मुलगा चांगला आहे, डोळे मिटून पोरगी द्या," असं आपण सांगतो. डोळे मिटून! कोणाचे डोळे, कोणाची पोरगी? "अमक्याने पैसे खाल्ले," असं चावडीवर म्हणतो. सकाळी उठून चहाच्या आधी चाळीस जणांना मेसेज पुढे ढकलतो. दिवसभर आपण हिरव्या खुणा वाटत असतो हो, आणि कोणीतरी आपल्या भरवशावर जीप काढतो. विचारा एकदा स्वतःला. फ्रिज उघडून पाहिलास का?

आणि मी तरी कोण मोठा? तासभर या पडद्याला पाठ लावून उभा आहे. सुरुवातीला तुम्ही 'हो' म्हणालात, मीही ऐकून घेतलं. आता आरतीची वेळ झाली. पेटीवाले बुवा, पेटी थांबवा. टाळही राहू दे. आत समई आहे की नाही, मी सांगणार नाही. तो पडदा जरा धरा. मी आधी बघून येतो.