हाडूचं फोल्डर

...न्हाय वाजलं तर न्हाय वाजलं की हो! पण सगळ्या पावण्यांदेखत? आन् ते बी सासऱ्यांच्या वर्षाच्या दिवशी? तुमाला सांगतो, माणसानं घरात एकटं असताना कितीबी वेळा तोंडावर पडावं, पण सासरची माणसं सतरंजीवर मांडी घालून बसल्यावर पडू नये. उठायला जागाच राहत न्हाय.

म्हणजे झालं काय, आमचे सासरे, सिद्धप्पामामा, अक्कलकोटचे. लिंगैक्य होऊन, म्हणजे जाऊन, वर्ष झालं. काय गायचे म्हणता! भजनाला बसले की गल्लीतली माणसं पायरीवर येऊन टेकायची. त्यांच्या जुन्या कॅसेटी आमच्या हिनं, महादेवीनं, दुकानात देऊन कॉम्प्युटरवर भरून घेतल्या. कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या टाकून दिल्या. म्हणजे मामांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी, आमच्या सोलापूरच्या घरात, माझ्या टेबलावर! वर्षाच्या दिवशी सगळी जमणार, पूजा, जेवणं, आन् मग मामींना, आमच्या सासूबाईंना, तो आवाज ऐकवायचा. मामी कवापासून त्या एकाच गोष्टीच्या आशेवर. आन् कॉम्प्युटरचं खातं कुणाकडं? माझ्याकडं. का? तर ऑफिसात प्रिंटरमधी अडकलेला कागद मी काढतो. तेवढ्यावर घरात माझी कीर्ती!

आता एक आतली गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. मला कन्नड येत न्हाय. मी जेऊरचा. आमच्याकडं उजनीचं पाणी हाय, ऊस हाय, केळी हायेत, कन्नड न्हाय. पण लग्नात कुणीतरी कायतरी इचारलं, मी घाबरून म्हणलो, "हौद." हौद म्हणजे व्हय, तेवढंच ऐकून ठावं होतं. झालं! मांडवभर बोभाटा, जावयाला कन्नड येतंय! तवापासून सुटका न्हाय. कुणी काय बी बोललं की मान हलवायची, हौद, हौद. ह्या हौदापायी एकदा साडूच्या वास्तुशांतीचा अख्खा मांडव माझ्या गळ्यात पडला, आन् मला ते मांडववाला दारात आल्यावर कळलं. आता इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडानं सांगायचं की मला येत न्हाय म्हणून? रोज लाज वाटायची, आन् रोज हौद म्हणायचो.

आता चारदोन शब्द कळतात, न्हाय असं न्हाय. बेकु म्हणजे पायजे, ब्याड म्हणजे नको. बाकीचं अंदाजानं. त्या दिवशी मामी आल्या, गुडघ्यावर हात टेकत खुर्चीत बसल्या, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हाडू केळबेकु." हाड कळलं, केळ कळलं, बेकु कळलं. हाडं दुखालालीत, केळं पायजे! मी म्हणलो हौद, हौद, आन् जेऊरहून आलेल्या घडातलं चांगलं पिकलेलं केळं आणून हातात दिलं. त्यांनी केळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् खाल्लं बिचारीनं. मामांचं बी असंच होतं. मी गेलो की जवळ सरकून बसायचे, म्हणायचे, "हाडू केळतीरेनु?" की मी दिलंच केळं. ते बी खायचे. मला वाटायचं ह्या घराण्यात हाडांचाच आजार हाय.

असो. जेवणं झाली, सगळी बसली, मामी पुढं. मी खुर्ची ओढून, बोटं मोडून, सर्जनवाणी बसलो. यादीत गाणी सगळी दिसायलालीत. नावं हायेत, मामांचा फोटो हाय. पहिलं दाबलं... न्हाय. लाल खूण आली, खाली इंग्रजीत, फाइल नॉट फाउंड. आता हे सरळ वाचायचं की न्हाय? पण जाणकार माणूस वाचत न्हाय, तो करतो! स्पीकरची वायर काढून फुंकर मारली. आवाज वाढवला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तवर मामींना म्हणलो, गरम झालंय. दुसरं गाणं दाबलं, लाल. तिसरं, लाल. आमचे साडू बसवेश मागनं म्हणतात, "काय करालालाव, साडूभाऊ?" मी म्हणलो, व्हायरस हाय. त्यांनी इचारलं, कुठला? आता व्हायरसला काय गोत्र असतं का हो? मी म्हणलो, नवीन हाय. मग नवं प्लेअर उतरवून घेतलं. त्यानं गाणी तर वाजवलीच न्हाईत, वर पडद्यावर रमीच्या जाहिराती सुरू केल्या. मामांच्या फोटोवर! लाजंनं माझे कान तापले. मामी कन्नडमधी कायतरी म्हणाल्या. मी म्हणलो, हौद, हौद.

महादेवी पदर खोचून उठली. म्हणाली, "हौद काय? अव्वा इचारालालीय, तुमी बिघडवलं का म्हणून."

आन् मी हौद म्हणून बसलो होतो! तुमाला सांगतो, इतकं खरं मी सासरी कवाच बोललो नव्हतो, फक्त मला ते ठावं नव्हतं.

मग हिनंच माउस घेतला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन् म्हणाली, "अप्पांचं फोल्डर कुटं गेलं? मी केलेलं की. हाडू नावाचं."

हाडू... मागं ही म्हणली होती, अव्वाचे गुडघ्याचे एक्स-रे कॉम्प्युटरवर हायेत, ते हाडाच्या डॉक्टरांना नेऊन द्या. मी बघितलं, फोल्डर हाय हाडू. हाडांचंच असणार की! उघडून बघायची काय गरज? आन् कॉम्प्युटरवर जागा कमी, म्हणून कॉपी न्हाय केलं, सरळ कट करून पेन ड्राइव्हवर घातलं, वर चिठ्ठी चिकटवली, 'सासूबाईंची हाडं', आन् दिलं नेऊन शिवयोगी डॉक्टरांकडं.

मी बारीक आवाजात इचारलं, "हाडू म्हणजे... हाडं न्हाय का?"

महादेवी म्हणाली, "हाडू म्हणजे गाणं हो."

"मग केळ म्हणजे?"

"केळ म्हणजे ऐक."

मग जे हसली हो सगळी! साडू तर भिंतीला टेकून हसले. मी न्हाय हसलो. मला मामा दिसालाले. जवळ सरकून बसायचा तो माणूस, गाणं ऐकता का म्हणून इचारायचा, आन् मी त्याच्या हातात केळं ठेवायचो. दर वेळी! त्यांनी एकदा बी म्हणलं न्हाय की हे काय. सोलून खायचे, आन् माझ्या शेजारी गप बसून राहायचे. लई लाज वाटली हो. कॉम्प्युटरची लाज परवडली, पण ही... मामी तेवढ्या हसल्या न्हाईत. नुसत्या बघालाल्या माझ्याकडं.

पेन ड्राइव्हचं सगळं कबूल केलं आन् डॉक्टरांना फोन लावला. गडबडीत फोनचा स्पीकर चालू झाला. सकाळपासून घरात एकच स्पीकर चालला, तो हा! पेन ड्राइव्ह असला तर असला, न्हायतर मामांचा आवाज संपला, हे सगळ्यांना कळत होतं. डॉक्टर उचलल्या उचलल्या म्हणतात, "या की, मृत्युंजयराव! तुमच्या सासूबाईंचे एक्स-रे ऐकले. लई गोड हायेत हो." दवाखान्यात रोज लावतात म्हणं. पेशंट प्लास्टर घालून झालं तरी उठंनात.

साडू गाडीवर जाऊन घेऊन आले. ह्या वेळी महादेवीनं मला खुर्चीवर बसू दिलं न्हाय. तिनं लावलं, आन् लागलं. आधी थोडी खरखर, कुणीतरी खोकलं, मग मामांचा आवाज, गाण्याच्या आधीचा, समोर बसलेल्यांना इचारलेला... "हाडू केळतीरेनु?"

मामी हळूच म्हणाल्या, "हौद."

डोळ्यांना पदर लावून सगळं गाणं ऐकलं त्यांनी. मी दाराशी उभा, खाली बघत. गाणं संपलं तसं मामींनी मला जवळ बोलावलं, शेजारी बसवलं आन् इचारलं, "जावईबापू, हाडू केळतीरेनु?"

आता मला अर्थ ठावा होता. जन्मात पहिल्यांदा समजून उमजून म्हणलो, "हौद."

आन् त्यांनी पदराआडनं हात काढून माझ्या हातात केळं ठेवलं.

खाल्लं की मुकाट! काय करता? हाडांना चांगलं असतंय म्हणं.