कळकलेली कढी

आता मी एवढी बडबड करते, पण ऐंशी सालाच्या आसपास लग्न होऊन पोखर्णीला आले, तेव्हा सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही अशी त्या घरची रीत होती. एकदा नरसिंहाच्या दर्शनाला पूर्णेहून नणंदेच्या सासरची माणसं आली आणि दुपारी आमच्याकडेच जेवायला बसली.

सासूबाईंनी सकाळीच कढी करून ठेवलेली. वाढायला म्हणून मी पितळी पातेलं उचललं, तर आतून कल्हई उडालेली आणि कढीच्या कडेला हिरवी रेघ! आंबट कढी पार कळकली होती. खाल्ली असती तर सगळे ओकत बसले असते. तेवढ्यात सासऱ्यांची हाक आली, "कढी आणा की!"

सासूबाई पाहुण्यांना वाढत होत्या. सांगू कुणाला? मी पातेलं घेऊन निघाले आणि उंबऱ्याला अडखळल्यासारखं करून सगळी कढी सांडली.

"डोळे हाईत का न्हाईत?" सासरे गरजले.

सासूबाईंनी पातेल्यात डोकावून कपाळाला हात लावला. "अवो, तिला काय बोलायलात? कढी कळकली व्हती! वाचवलं पोरीनं."

"मग तोंडानं सांगायचं की!"

"कशी सांगंल? तुमीच बोलू देत न्हाईत."

पाहुणे खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी ताटावर बसल्याबरोबर त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज दिला, "सूनबाई, काय बोलायचं असंल ते आत्ताच बोला, मग आमी जेवतो!"