हुपरीकर वकिलांनी सोडलेलं वकीलपत्र

मंडळी, देवाचं नाव घेतलं, आता एक प्रश्न घेऊ. कुणी विश्वासानं कानात सांगितलेली गोष्ट, तीच जर सगळ्या बिऱ्हाडांच्या सोयीची असेल, तर उघड करावी का? लगेच माना हलवू नका! आधी ऐका.

मिरजेला एक सोसायटी. चार मजली, लिफ्ट नाही! चौथ्यावर हुपरीकर वकील. माणूस भला, गुडघे मात्र वाईट. आता वकील शेजारी असला की काय होतं? जिना चढता चढता सल्ला! भाजीची पिशवी खाली ठेवायची – "वकीलसाहेब, एकच शंका हो!" हसताय? तुम्हीही हेच केलंय!

तळमजल्यावर माईणकर काकू. एकट्या. चकल्या-शंकरपाळी करून विकायच्या, त्यावर घर चालायचं. एकदा त्यांनी वकिलांना जिन्यात गाठलं. "आमच्या ह्यांनी स्वयंपाकघर मागं वाढवलं होतं हो. परवानगी नव्हती घेतली. कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय, काकू? आणि मी आहे ना!"

मी आहे ना! बोलायला किती सोपं!

पुढं लिफ्ट बसवायची ठरली. जागा कुठली? नेमकी काकूंच्या त्या वाढवलेल्या स्वयंपाकघराची! काकू अडून बसल्या – "शेगडी हलली तर मी खाऊ काय?" चेअरमन निकम वकिलांकडं आले. "सहकार न्यायालयात जाऊ. घरचा वकील असताना बाहेरचा कशाला? आणि गुडघे तर तुमचेच दुखतात!"

वकिलांनी वकीलपत्र घेतलं. हसत घेतलं, मंडळी! मनात लिफ्टचं बटणसुद्धा दाबून झालं!

दावा लिहायला बसले. हात भरभर चालला – 'सदर बांधकाम विनापरवाना असून...' पत्नी मालतीबाई चहा घेऊन आल्या, खांद्यावरून वाचलं.

"हे तुम्हाला कसं हो कळलं?"

पेन थांबलं! कसं कळलं? काकूंच्याच तोंडून!

पण वकिलाचं मन ते – लागलं युक्तिवाद करायला! फी घेतली होती का? नाही. कागद झाला होता का? नाही. जिन्यातल्या गप्पा त्या! मुद्दे सगळे बिनतोड, पण मालतीबाईंचा प्रश्न तसाच उभा! काकू काय चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी बोलल्या होत्या? वकिलाशी बोलल्या होत्या!

त्यांनी कागद फाडला. सभेत उभे राहिले. "वकीलपत्र परत करतो. बाहेरचा वकील करा."

"का?"

आता बघा पंचाईत! कारण सांगावं तर काकूंचं गुपित फुटतं. 'मला काही माहीत आहे' एवढं म्हटलं, तरी फुटतं!

"लिफ्टचा सगळ्यात जास्त फायदा मला," वकील म्हणाले. "हे मी आधीच बोलायला हवं होतं."

"फायदा कुणाला नकोय?" निकम कडाडले. "सरळ सांगा ना, चकल्या चौथ्या मजल्यावर पोचल्या!"

सभा खो-खो हसली.

काकूंना मात्र धीर आला. "मग माझ्या बाजूनं उभे राहा!"

"नाही काकू. सोसायटीचे कागद मी पाहिलेत. तुम्हीही दुसरा वकील बघा."

काकू ताडकन उठून गेल्या. इकडूनही गेला, तिकडूनही गेला की हो माणूस!

यथावकाश बाहेरच्या वकिलाची नोटीस आली. काकूंनी ओळ न् ओळ वाचली. पुन्हा वाचली. ती गोष्ट कुठंच नाही! 'जागेचा हक्क दाखवा,' एवढंच. बाई समजायचं ते समजल्या. सगळ्यांची बोलणी खाल्ली, पण तो माणूस बोलला नाही!

पुढच्या सभेत काकू स्वतःच उठल्या. "ते स्वयंपाकघर आमच्या ह्यांनी वाढवलंय, बिनपरवाना. घ्या जागा. मला जिन्यामागची खोली द्या, शेगडीपुरती."

निकमांची मान खाली. खोली मिळाली – एकमतानं, बिनभाड्यानं!

मंडळी, खरं बाहेर आलंच की! पण ज्याचं होतं, त्याच्या तोंडून आलं. वकील आधी बोलले असते, तर कदाचित दावाही जिंकले असते. पण त्या जिन्यात पुन्हा कुणी कुणाला मनातलं सांगितलं असतं का?

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही वकील नसाल, कान तर आहेत? जावेनं रडत सांगितलेलं, भाडेकरूनं अडचणीत सांगितलेलं – आत्ता तुमच्यापाशी कुणाचं काय आहे? आणि उद्या तेच तुमच्या फायद्याचं ठरलं तर? उत्तर मला नको. समोर उभा आहे ना, त्याला द्या – आणि मगच आरतीला उठा!