नोटिशीतल्या पाच शेपट्या

तुम्ही हसाल, पण सांगतेच. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गुजराती, तमिळ, सगळेच राहतात, म्हणून नोटीस इंग्रजीत लागते. ती लिहिते माझ्या समोरची सुनंदा. ती बारावी शिकलेली, मी चौथी. नोटीस लागली की जो तो लिफ्टपाशी, "वा सुनंदाताई, काय इंग्रजी." माझ्या पुरणपोळ्या खाऊन मला मात्र कोणी ताई म्हटलं नाही.

परवा टाकी धुण्याची नोटीस लागली. दुपारी खाली कोणी नव्हतं. मला इंग्रजीतलं येतं ते एवढंच, टिंब आणि शेपटीवालं टिंब. पेन काढलं आणि नोटिशीत दिसेल त्या फटीत पाच शेपट्या ठोकल्या. म्हटलं, आता होऊ दे तिची फजिती.

संध्याकाळी सेक्रेटरी साटम, म्हणजे रिटायर्ड इंग्रजीचे मास्तर, नोटिशीपुढे थांबले. "सकाळी वाचताना धाप लागली होती. आता कॉमे कसे जागच्या जागी आलेत. कोणी घातले?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी पेन घेऊन तिथे कशाला गेले होते, तेही सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात सुनंदा लाजत म्हणाली, "मीच, सर. सकाळी घाईत राहून गेले होते."

पुन्हा सगळे वा वा.

वर जाताना लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. ती हळूच म्हणाली, "शोभा, तुझ्या बोटाला शाई लागलीय गं."

मी म्हटलं, "तुझीच असेल. आज सगळं तुझंच आहे."