घरी न्यायला आलेलं माणूस

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील डॉक्टरमंडळी, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या सिस्टर आणि खुर्च्या कमी पडूनही न कुरकुरता उभे राहिलेले मित्रहो,

मी शिंपी. सिस्टरांचा पेशंट, म्हणून मला बोलायला उभं केलंय.

दोन वर्षं गोळ्या घेऊनही माझं नैराश्य हटेना. दुकान उघडायचो आणि सुईत दोरा न ओवता संध्याकाळ करायचो. जगायचं तरी कशाला, इथवर मजल गेली होती. तेव्हा डॉक्टरांनी मला केटामीनच्या, म्हणजे भुलीच्या औषधाच्या, सलाइनसाठी सिस्टरांच्या खोलीत धाडलं. चाळीस मिनिटं सलाइन, मग दोन तास सिस्टरांची नजर. पहिल्याच दिवशी गुंगीत मी विचारलं, "समोर हे पाय कुणाचे?" सिस्टर म्हणाल्या, "तुमचेच. मोजेही तुमचेच, फक्त एक उलटा घातलाय." शिंप्याला असं बोलतं का कुणी?

त्यांचा नियम कडक. सलाइननंतर एकट्यानं जायचं नाही, घरचं माणूस न्यायला आलं पाहिजे आणि त्यानं रजिस्टरात सही केली पाहिजे. मी तर घरी सांगितलेलं, दाताच्या डॉक्टरकडे जातो. मग काय, एक टॅक्सीवाला गाठला आणि त्याला धाकटा भाऊ केला. दोनदा खपलं. तिसऱ्यांदा सलाइन लावण्याआधीच सिस्टरांनी त्याला सहज विचारलं, "वहिनी कशा आहेत?" तो म्हणाला, "कुणाच्या?"

सिस्टर रागावल्या नाहीत. माझ्या हातात फोन देऊन म्हणाल्या, "आधी घरी लावा, सलाइनचं मग बघू." बायको आली. आता आपली खरडपट्टी, असं मला वाटलं. सगळं ऐकून ती शेजारी बसली आणि म्हणाली, "तीन आठवडे तुम्हाला मऊ मऊ शिजवून घालतेय. निदान दात कुठला, ते तरी सांगायचं होतं." मग आम्ही दोघंही रडलो.

पाचव्या सलाइननंतर मी दोरा ओवला. जादू नव्हे ही. गोळ्या चालू आहेत, अधूनमधून सलाइनही लागतं. पण मी आहे, आणि घरी सगळं सांगतो.

सिस्टर, मघाशी तुम्ही कुणाला तरी म्हणालात, "मी जाईन एकटी, सवय आहे." ऐकलं मी. म्हणून तुमच्याच रजिस्टरात आज तुमचं नाव लिहिलंय. 'न्यायला आलेलं माणूस' या रकान्यात माझी सही आहे, शेजारी बायकोची.

बोलू दिलंत, सगळ्यांचे आभार. कुठे टाका चुकला असेल तर उसवून टाका, मनात ठेवू नका. चला सिस्टर. खाली माझा धाकटा भाऊ गाडी घेऊन थांबलाय. आज त्याला काहीही विचारा, सगळं पाठ करून आलाय.